होमस्टेच्या मेलवरचा कचरा आवरायला काय काय केलं, गणपती ते आंबा सीझनचा अनुभव

वेळणेश्वरला आमचा छोटा होमस्टे आहे, आणि एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्याही पाठवतो. घरगुती गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतं पण ऑफिसची पिकनिक किंवा कंपनीची गिफ्टची मोठी ऑर्डर असली की हमखास मेल येते, म्हणून पत्ता वेबसाइटवर उघडा ठेवावाच लागतो. आणि असे पत्ते वेचणारे प्रोग्रॅम नेटवर फिरतच असतात, त्यामुळे लोन, लॉटरी, "तुमची वेबसाइट गूगलवर पहिली आणून देतो" हे सगळं रोजचंच. गेल्या गणपतीपासून आमच्या जीमेलवर जे उपाय वापरतोय त्यातलं काय टिकलं ते लिहितो.

मेन मुद्दा आधी सांगतो. इनबॉक्समध्ये आलेला कचरा डोळ्याला दिसतो, उडवता येतो. खरं नुकसान होतं ते कचऱ्यात जाऊन पडलेल्या खऱ्या मेलचं. मार्चमध्ये एका कंपनीची पेट्यांची चौकशी स्पॅममध्ये सापडली, कॉम्प्युटरवर "शो ओरिजिनल" उघडून बघितलं तर एसपीएफ फेल, म्हणजे स्वतःच्या नावाने मेल कुठल्या सर्व्हरवरून जाईल हे त्या कंपनीने नीट नोंदवलेलंच नव्हतं. माणूस खरा, ऑर्डर खरी, पण मेल संशयित. जीमेलमध्ये स्पॅम 30 दिवसांनी आपोआप डिलीट होतं, आणि आंबेवाल्याला 30 दिवस म्हणजे अर्धा सीझन हातचा गेला. त्यामुळे आमच्याकडे आता रात्री जेवणं आटपली की वहिनी स्पॅम फोल्डर बघते, खरी मेल असली तर "नॉट स्पॅम" करते, आणि इनबॉक्समध्ये कचरा आला तर नुसता डिलीट न करता रिपोर्ट करते. या रिपोर्टने फरक पडतो, महिन्याभरात जाणवतो.

फिल्टर पण लावलाय, "हापूस" किंवा "वेळणेश्वर" शब्द असलेली मेल कधीच स्पॅममध्ये टाकू नको असा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग घाला. "बुकिंग" हा शब्द मात्र चुकूनही घालू नका, कारण फसवणारेही तोच वापरतात.

होमस्टेवाल्यांनी हे नीट वाचा. परदेशातल्या कोणा डॉक्टरची मेल येते, बारा जण, दहा रात्री, तारखा अगदी पावसाळ्यातल्या, गावाचं नाव कुठेच नाही, नुसतं "युवर प्रॉपर्टी". रेट विचारतात पण घासाघीस अजिबात नाही. मग म्हणतात की कार्डवर जास्तीचे पैसे घ्या आणि त्यातले आमच्या ट्रॅव्हल एजंटला पाठवा. कार्ड चोरीचं असतं, मूळ मालकाने तक्रार केली की बँक ती सगळी रक्कम आपल्याकडून परत घेते आणि एजंटला पाठवलेले आपल्या खिशातून जातात. अशी मेल एसपीएफ, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) सगळ्यात पास होऊ शकते बरं का, कारण पास म्हणजे मेल त्याच डोमेनवरून आली एवढंच, पाठवणारा प्रामाणिक आहे असं नाही.

दुसरा उपाय, पत्त्यात @ च्या आधी अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडायचा, मेल आपल्यालाच येते पण पत्ता कुठून फुटला ते कळतं. एका प्रदर्शनाच्या फॉर्मवर असा वेगळा पत्ता दिला होता, आठवड्याभरात त्याच पत्त्यावर लोनच्या मेल सुरू. काही साइट हे चिन्ह घेत नाहीत, तिथे इलाज नाही.

मेलमधले फोटो आपोआप उघडणं बंद केलंय. एक कारण म्हणजे त्यात न दिसणारं बारीक चित्र असतं, ते लोड झालं की मेल उघडली हे पाठवणाऱ्याला कळतं. दुसरं कारण आमच्या वाडीतली रेंज, फोटो बंद असले की मेल पटकन उघडते.

अनसबस्क्राइबबद्दल लोक गोंधळतात. ज्या दुकानाकडून आपण खरंच काही घेतलंय त्याच्या मेलवर बिनधास्त दाबा, फेब्रुवारी 2024 पासून जीमेलवर दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकचं अनसबस्क्राइब ठेवावंच लागतं. अनोळखी कचऱ्यातल्या लिंकवर मात्र हात लावायचा नाही, पत्ता चालू आहे एवढं त्यांना कळलं की बास, आणखी येतात.

हे थांबत का नाही, तर पाठवायला खर्चच नाही. 1978 मध्ये गॅरी थ्युर्कने कॉम्प्युटरच्या जाहिरातीची एकच मेल जवळपास 400 जणांना पाठवली होती, तेव्हापासून गणित तेच आहे, हजारोंमधला एखादा गळाला लागला तरी वसूल. आणि 1909 वरची डीएनडी फक्त कॉल-एसएमएससाठी, ईमेलला लागू नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

जीमेलच्या या उपायांना पाचपैकी चार देईन. एक कापला कारण जीमेलच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये फिल्टर बनवता येत नाही, त्याला कॉम्प्युटरच लागतो, आणि जूनपासून आमच्याकडे लाईटचा भरवसा नसतो, तेव्हा जे काही फिल्टर लावायचे ते आगोटीच्या आधीच लावून घ्या.