फेमस मॉन्स्टर्स की फँगोरिया?

हॉरर पिक्चरचं वेड असेल तर ही दोन अमेरिकन मासिकं माहीत हवीतच. फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड १९५८ ला आलं, खरंतर एकच अंक काढायचा बेत होता, पण तो असा खपला की पुढे १९८३ पर्यंत चाललं. संपादक फॉरेस्ट अ‍ॅकरमन पोरांशी एखाद्या लाडक्या काकासारखा बोलायचा, आतली पानं ब्लॅक अँड व्हाइट, पण चित्रकार बेसिल गोगोसची कव्हरं बघा, राक्षसाच्या एका गालावर हिरवा उजेड, दुसऱ्यावर लालभडक, आणि डोळ्यांत चक्क दुःख! मागच्या पानांवर रबरी मुखवटे पोस्टाने मागवायच्या जाहिराती. लेखक स्टीफन किंग, दिग्दर्शक पीटर जॅक्सन ही मंडळी यावरच वाढली.

फँगोरिया १९७९ चं, रंगीत, रक्तबंबाळ, आणि मेकअपवाले ती जखम नेमकी कशी बनवतात ते उलगडून सांगणारं. शिकायचं असेल तर हेच भारी.

पुनर्जन्म मात्र दोघांचे फार वेगळे. फेमस मॉन्स्टर्स १९९३ ला परत आलं पण अ‍ॅकरमन आणि नव्या प्रकाशकाचं फाटलं, प्रकरण कोर्टात गेलं, मग २०१० ला पुन्हा सुरुवात. फँगोरिया २०१८ ला त्रैमासिक म्हणून आलं, जाड कागद, लेख फक्त छापील अंकात, आणि हा निर्णय मला मनापासून आवडला.

नवीन वाचायला फँगोरियाच घ्या, पण जीव विचाराल तर माझा त्या गोगोसच्या कव्हरांवरच आहे.