भिशी की एसआयपी? सोलापुरातल्या दोन पिढ्यांचा हिशेब

अशोक चौकाच्या बाजूला यंत्रमागावर हयात घालवलेली पिढी आजही भिशीवर भरवसा ठेवते. पुण्यात नोकरीला गेलेली पोरं एसआयपीवर, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेली रक्कम गुंतवण्यावर.

लिलाव भिशीचं गणित असं: 20 जण, महिना 5,000, रक्कम 1 लाख. गरजू माणूस 82,000 च घ्यायला तयार होतो आणि बोली जिंकतो. उरलेले 18,000 वीस जणांत वाटले की त्या महिन्याचा हप्ता 4,100 वर येतो. थांबणाऱ्याचा फायदा, घाईच्याचा तोटा. लग्न, दवाखाना, मागाची दुरुस्ती यासाठी मात्र रोख लगेच हातात. बिघडतं कुठे? आधी उचलणारा पुढचे हप्ते बुडवतो. नोंदणी नसलेल्या भिशीत कागद नसतो, दाद मागणार कुठे?

एसआयपीत हप्ता खात्यातून आपोआप कटतो. पगार 1 तारखेला असेल तर 5 किंवा 7 तारीख घ्या. शिल्लक नसली की बँक दंड लावते, आणि दरमहाचे सलग 3 हप्ते चुकले की एसआयपी बंद. पैसे काढल्यावर दोन-तीन कामकाजाचे दिवस लागतात. शेअर बाजार पडलेला असताना काढले तर मुद्दलही घटलेलं दिसतं. ते बघून आई म्हणणारच, ‘भिशी काय वाईट होती?’

आठवड्याला पगार मिळणाऱ्या घरात एसआयपीची ठरलेली तारीख सांभाळणं अवघड, तिथे ओळखीतली छोटी भिशीच बरी.