अमेरिकेतली छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं : मुंबईच्या बारावीकरांनी ती कशी पारखावीत

रुइया, झेवियर्स किंवा रुपारेलमध्ये अकरावी-बारावी करताना अमेरिकेचा विचार सुरू झाला, की घरात आधी रँकिंगची यादी उघडली जाते. दीड-दोन हजार विद्यार्थ्यांच्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांसाठी ती फारशी कामाची नाही. पाचव्या आणि पंधराव्या क्रमांकाच्या कॉलेजात शिकवणं सारखंच उत्तम असू शकतं. फरक असतो तो अभ्यासक्रमाच्या रचनेत, विभागाच्या आवाक्यात आणि परदेशी विद्यार्थ्याला मिळणाऱ्या पैशांत.

नावात ‘आर्ट्स’ असलं तरी या कॉलेजांत फिजिक्स, गणित, कॉम्प्युटर सायन्स सगळं शिकवतात. चार वर्षांनी पदवी मात्र बहुतेक ठिकाणी बीएचीच मिळते. मास्टर्स-पीएचडीचे विद्यार्थी जवळजवळ नसल्यामुळे पहिल्या वर्षापासून स्वतः प्राध्यापकच शिकवतात आणि प्रयोगशाळेतलं संशोधनही पदवीच्याच मुलांच्या हाती येतं. खरा फायदा हाच. खरा तोटाही आकारातूनच येतो: विभाग लहान असतात.

म्हणून पहिली तपासणी विभागाची करावी. कॅटलॉगमध्ये चाळीस कोर्स छापलेले असतात, पण यंदा त्यातले किती चालू आहेत हे रजिस्ट्रारच्या पानावरच्या सत्राच्या वेळापत्रकातच कळतं. हे वेळापत्रक बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना खुलं असतं. गेल्या चार सत्रांची वेळापत्रकं उघडा, आपला विषय निवडा आणि फक्त वरच्या पातळीचे कोर्स मोजा. सहा प्राध्यापकांच्या विभागात दोघं सॅबॅटिकलवर, म्हणजे लांबच्या अभ्यासरजेवर गेले की स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्ससारखा कोर्स एका वर्षाआड होतो. तिसऱ्या वर्षी एक सत्र परदेशी शिकायला गेलात आणि नेमका तेव्हाच तो झाला, तर पीएचडीच्या अर्जात भोक पडतं. गणितात पुढे जायचं असेल तर रिअल अॅनालिसिस आणि अॅबस्ट्रॅक्ट अल्जिब्रा दरवर्षी होतात का, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं.

शेजारच्या कॉलेजांशी करार असेल तर ही अडचण बरीच सुटते. पोमोना, हार्वी मड, स्क्रिप्स, पिट्झर आणि क्लेरमाँट मकेना एकमेकांना खेटून आहेत, तिथे दुसऱ्या कॉलेजचा कोर्स चालत जाऊन करता येतो. अॅम्हर्स्टला स्मिथ, माउंट होल्योक आणि युमास अॅम्हर्स्ट (मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ) यांची जोड आहे, पण तिथे मध्ये बसचा प्रवास येतो. वेळापत्रक जुळवताना तो वेळ धरा.

आता काही कॉलेजांबद्दल. विल्यम्सची सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे ट्युटोरियल: दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक, दर आठवड्याला एकाने निबंध किंवा सोडवलेली गणितं मांडायची, दुसऱ्याने त्यावर टीका करायची, पुढच्या आठवड्यात उलट. बोलायला संकोचणाऱ्या मुलाला यात लपायला जागा नसते आणि माझ्या मते आपल्या मुलांना याचीच गरज असते. गाव मात्र खूप आत आहे, बोस्टनपासून गाडीने सुमारे तीन तास. अॅम्हर्स्टमध्ये पहिल्या वर्षाचा एक सेमिनार सोडला तर सक्तीचा विषय नाही. ग्रिनेलही तसंच: पहिल्या सत्रातलं ट्युटोरियल सक्तीचं, बाकी सल्लागाराबरोबर बसून ठरवायचं. ही मोकळीक ज्याला काय हवंय ते थोडंफार ठाऊक आहे त्यालाच मानवते. ग्रिनेल आयोवातल्या शेतांच्या मधोमध आहे, जवळचा मोठा विमानतळ देमॉइनचा, तासाभरावर.

स्वार्थमोरला बहुतेक लोक विसरतात, ते चूक आहे. तिथे स्वतःचा इंजिनीअरिंग विभाग आहे, कॅम्पसच्या पायथ्याशी फिलाडेल्फियाची लोकल थांबते आणि ऑनर्स घेतलं तर शेवटी बाहेरच्या विद्यापीठांतले परीक्षक लेखी आणि तोंडी परीक्षा घेतात. इंजिनीअरिंग हवंच असेल तर स्वार्थमोर, हार्वी मड, स्मिथ, लाफायेट ही नावं आधी बघा. ‘तीन वर्षं इथे, दोन वर्षं मोठ्या विद्यापीठात’ ही योजना कागदावर आकर्षक दिसते, पण शेवटच्या दोन वर्षांची आर्थिक मदत दुसऱ्या विद्यापीठाच्या मर्जीवर असते. परदेशी विद्यार्थ्याचं गणित तिथेच फसतं.

कार्लटनमध्ये दहा-दहा आठवड्यांच्या तीन टर्म आणि टर्मला तीन विषय. वेग जबरदस्त असतो, तिसऱ्या आठवड्यात आजारी पडलात तर चौथ्यात परीक्षा समोर उभी. कॉलोराडो कॉलेज याच्याही पुढे जातं: एका वेळी एकच विषय, साडेतीन आठवड्यांत संपूर्ण. जिओलॉजी किंवा फील्डवर्कसाठी ही पद्धत अप्रतिम आहे, कारण अख्खा वर्ग आठवडाभर डोंगरात जाऊ शकतो. गणितासाठी मी ती सुचवणार नाही, डोक्यात मुरायला वेळच मिळत नाही. रीडमध्ये शेवटचं वर्ष प्रत्येकाला प्रबंधात घालवावं लागतं. पुढे संशोधन करायचं असेल तर उत्तम, नाहीतर जड जातं. शहराची सवय सुटत नसेल तर मॅकॅलेस्टर सेंट पॉल शहरात आहे. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान तिथलेच विद्यार्थी, आणि परदेशी मुलांची वर्दळ आजही चांगली आहे. हिवाळा मात्र उणे वीसपर्यंत जातो.

पैशांकडे वळू, कारण निम्मी यादी इथेच गळते. निवास-जेवणासह वर्षाचा छापील खर्च नामांकित कॉलेजांत ९० हजार डॉलरच्या आसपास गेलाय. अॅम्हर्स्ट आणि बोडन परदेशी विद्यार्थ्याचा प्रवेश ठरवताना त्याला मदत हवी आहे की नाही हे बघत नाहीत. बहुतेक इतर कॉलेजं बघतात. विल्यम्स, अॅम्हर्स्ट, पोमोना यांच्याकडे गुणांवर आधारित स्कॉलरशिप नाही, फक्त गरजेनुसार मदत. ग्रिनेल, मॅकॅलेस्टर, डेनिसन, वूस्टर गुणांवरही देतात. ज्या कुटुंबाचं उत्पन्न गरजेच्या हिशेबात बसत नाही पण एवढी फीही परवडत नाही, त्यांनी दुसऱ्या गटावर जास्त भर द्यावा.

नेमका आकडा काढायला ‘कॉमन डेटा सेट’ नावाची पीडीएफ शोधा, बहुतेक कॉलेजं ती दरवर्षी टाकतात. तिच्यातल्या एच६ या भागात किती परदेशी विद्यार्थ्यांना मदत मिळाली आणि सरासरी किती, हे असतं. बी२ मध्ये एकूण परदेशी विद्यार्थी किती ते असतं. समजा २०० पैकी १७० जणांना सरासरी ७० हजार डॉलर मिळतात, तर हे कॉलेज खरोखर मदत करतं. २०० पैकी ४० जणांना २० हजार मिळत असतील, तर मदत मिळूनही सुमारे ७० हजार दरवर्षी घरून द्यायचे आहेत असं धरा. याच पीडीएफमध्ये आय३ वर्गांचे आकार दाखवतो आणि सी७ मध्ये अर्जदाराने दाखवलेल्या रसाला वजन आहे का ते कळतं. असेल तर ऑनलाइन माहिती सत्रांना नावानिशी हजेरी लावा. सी२१ मधला अर्ली डिसिजनचा (एकाच कॉलेजला लवकर केलेल्या, प्रवेश मिळाल्यास बांधील अर्जाचा) प्रवेशदर बघून भुलू नका, त्यात खेळाडू म्हणून आधीच हेरलेली मुलं मोठ्या संख्येने असतात.

आर्थिक मदतीसाठीचा सीएसएस प्रोफाइल हा ऑनलाइन फॉर्म भरताना मुंबईकरांची गाडी हमखास एका जागी अडते: राहतं घर. वर्षाला १५ लाख कमावणाऱ्या कुटुंबाचा मुलुंडमधला टू बीएचके दोन कोटींचा निघतो आणि कागदावर कुटुंब श्रीमंत दिसतं. काही कॉलेजं राहत्या घराची किंमत मोजतच नाहीत, काही उत्पन्नाच्या पटीत मर्यादा घालतात, काही पूर्ण धरतात. हा प्रश्न प्रत्येक कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला आधी ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. पागडीची खोली मालकीची म्हणून दाखवू नका, भाड्याची दाखवून विशेष परिस्थितीच्या रकान्यात दोन ओळींत समजावून सांगा. घरावर कर्ज असेल तर बँकेचं थकबाकीचं पत्र जोडा. आणि मदतीची मागणी पहिल्याच अर्जात करा. प्रवेश मिळाल्यावर मागू म्हटलं तर अनेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याला ते दार पुढची चारही वर्षं बंद असतं.

इकॉनॉमिक्स घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारावी: पदवीचा सीआयपी कोड, म्हणजे अमेरिकी सरकारच्या यादीतला विषयाचा क्रमांक, काय? ४५.०६०३, म्हणजे इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स असेल तर ती स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित गटात) मोडते आणि पदवीनंतर अमेरिकेत काम करायच्या १२ महिन्यांच्या परवानगीवर (ओपीटी) २४ महिन्यांची वाढ मागता येते.

राहिली कागदपत्रं. नववी-दहावीच्या मार्कशीट शाळेकडून आणि अकरावी-बारावीच्या ज्युनिअर कॉलेजकडून, दोन्ही लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह घ्याव्या लागतात. कॉमन अॅप या अनेक कॉलेजांच्या सामाईक ऑनलाइन अर्जातला काउन्सेलरचा फॉर्म आपल्याकडे बहुधा उपप्राचार्य भरतात. त्यांना अकरावी संपतानाच भेटा आणि सोबत एका पानाची कॉलेजची ओळख तयार करून न्या: बोर्ड कोणतं, विषय किती, डिस्टिंक्शन ७५ टक्क्यांना, वर्गातले वरचे गुण साधारण किती. हे पान नसेल तर एचएससीचे ८५ टक्के म्हणजे काय, हे तिकडच्या वाचणाऱ्याला उमगायला आधार उरत नाही. शिफारसपत्रं अकरावी-बारावीत मुख्य विषय शिकवणाऱ्या दोन शिक्षकांची हवीत. लहान कॉलेजांत ती बारकाईने वाचली जातात. दोन वर्षं इंटिग्रेटेड क्लासमध्येच काढली असतील तर वर्गातल्या सरांना मुलगा ठाऊकच नसतो आणि पत्र ‘प्रामाणिक व मेहनती’ यापुढे जात नाही. क्लासचे सर फक्त अतिरिक्त शिफारसकर्ता म्हणून चालतात, तेही सगळ्या कॉलेजांना नाही. त्यामुळे निदान दोन विषयांच्या तासांना अकरावीपासून बसा आणि प्रयोगवही वेळेवर तपासून घ्या, पत्रात लिहायला काहीतरी तिथेच तयार होतं.

अर्ली डिसिजनची मुदत १ किंवा १५ नोव्हेंबर, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास, जेव्हा कॉलेजच्या ऑफिसला कुलूप असू शकतं. नेहमीची मुदत जानेवारीत, ऐन प्रिलिमच्या तोंडावर. मार्कशीट, शिक्के आणि दोन्ही शिक्षकांची पत्रं सप्टेंबरअखेर अपलोड झालेली असली पाहिजेत.