कोरोनात जर्मनीला जायचं होतं, विश्रामबागच्या काकांनी पोचवलं

उशिरा लिहितेय पण लिहायचं नक्की होतं. 2021 च्या सप्टेंबरात मी मास्टर्ससाठी जर्मनीला, आखेनला गेले. तिकीट आणि कागदपत्रांचं सगळं काम सांगलीतल्या विश्रामबागच्या एका छोट्या ट्रॅव्हल्सकडं दिलं होतं. जिना चढून वर, दोन खुर्च्या, एक प्रिंटर आणि ते चालवणारे काका. बाहेरून बघितलं तर वाटतं तिरुपती-शिर्डीच्या गाड्या बुक करत असतील, ते तर करतातच.

तेव्हाची परिस्थिती आठवा. एप्रिलमध्ये जर्मनीनं भारताला कोरोनाच्या नव्या व्हेरिएंटवाल्या देशांच्या यादीत टाकलेलं, म्हणजे जाणं जवळपास बंदच, ते निघालं 7 जुलैला. आपल्याकडून रेग्युलर इंटरनॅशनल फ्लाइट मार्च 2020 पासूनच बंद, जी काय विमानं होती ती एअर बबलची, म्हणजे दोन देशांनी आपसात ठरवून सोडलेली. त्यात जुलैच्या शेवटी आपल्याकडं पूर आला, आयर्विन पुलाला पाणी 50 फुटांच्या वर गेलं, आमचं घर गावभागात, म्हणजे मी माझी मार्कशीटची फाईल, ब्लॉक्ड अकाउंटचे कागद (व्हिसासाठी जर्मनीतल्या राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, 10,332 युरो भरलेले, बाबांनी त्यासाठी कर्ज काढलेलं) आणि पासपोर्ट पिशवीत घालून मामाकडं मिरजेला. काकांनी फोन करून पहिलं विचारलं, "पाणी कुठपर्यंत आलंय? पासपोर्ट वर ठेवलाय ना?" पैशाचं नंतर बोलू म्हणाले.

आता मेन मुद्दा. मला एका वेबसाइटवर पॅरिसचं तिकीट अकरा हजारांनी स्वस्त दिसत होतं, तिथून रेल्वेनं आखेन, नकाशावर तर जवळच दिसतं. काका सरळ नाही म्हणाले. मला राग आला होता, वाटलं यांचं कमिशन बुडतंय म्हणून अडवतायत. मग त्यांनी वहीवर काढून दाखवलं. शेंगेनचा (युरोपातल्या एकमेकांत बॉर्डर चेकिंग नसलेल्या देशांचा) शिक्का पहिल्यांदा जिथं उतरशील तिथं पडतो, म्हणजे पॅरिसला उतरलीस की फ्रान्सचे कोरोनाचे नियम लागणार, मग जर्मनीत शिरताना जर्मनीचे, वाटेत गाडी बेल्जियममधून गेली तर त्यांचे आणखी वेगळे. व्हिसा तुझा जर्मनीचा डी व्हिसा, म्हणजे जास्त दिवस राहायचा, त्यावर शेंगेनमध्ये फिरता येतं हे खरं, पण सध्या व्हिसा वेगळा आणि कोरोनाचा नियम वेगळा, नियम प्रत्येक देश आपापला लावतोय आणि आठवड्याला बदलतोय. मुंबई-फ्रँकफर्ट डायरेक्ट घे, एकच बॉर्डर, एकाच देशाचे कागद. हे मला दुसऱ्या कुणीच इतकं नीट सांगितलं नव्हतं. माझ्यासोबत अॅडमिशन मिळालेल्या एका मुलाला स्वस्त तिकिटाच्या नादात मधल्या एअरपोर्टच्या नियमामुळं मुंबईच्या काउंटरवरूनच परत पाठवलं, तो रडत घरी आला, तिकिटाचे पैसे मिळायलाही कितीतरी महिने गेले.

दुसरं काम लसीचं. कोविशील्डचा दुसरा डोस तेव्हा 84 दिवसांनी, पण बाहेर शिकायला जाणाऱ्यांना 28 दिवसांनंतर घेता येईल असा आदेश जूनमध्ये निघालेला, त्याची प्रिंट काकांनी माझ्या हातात दिली आणि अॅडमिशन लेटर जोडून लसीकरण केंद्रावर पाठवलं. सर्टिफिकेटवर नाव आधारचं होतं, पासपोर्टवर वेगळ्या क्रमानं, आपल्याकडं वडलांचं नाव मध्ये घालायची पद्धत, ते जर्मन ऑफिसरला काय कळणार. कोविनवर पासपोर्ट नंबर जोडून नाव दुरुस्त करून दिलं, आणि ती दुरुस्ती एकदाच करता यायची म्हणून सबमिट दाबायच्या आधी तीनदा वाचून घ्यायला लावलं. लस झालेली असली तरी आरटीपीसीआर करूनच जा म्हणाले, 72 तास स्वॅब दिल्यापासून मोजतात, रिपोर्ट आल्यापासून नाही, आणि रिपोर्ट इंग्लिशमध्ये पासपोर्ट नंबरसकट पाहिजे.

फ्रँकफर्टला माझ्या पुढच्या बाईंचा रिपोर्ट मोबाईलवर होता आणि नेट लागत नव्हतं, घामाघूम झाल्या होत्या बिचाऱ्या. माझी फाईल प्रिंट काढून क्रमानं लावलेली. ऑफिसरनं तीन कागद बघितले, शिक्का मारला, झालं.

तक्रार आहे ती पण सांगते. फी किती ते आधी कागदावर लिहून देत नाहीत, झेरॉक्स-प्रिंटचे वेगळे लावतात, बाबांना शेवटी आकडा बघून जरा धक्काच बसला. रविवारी फोन उचलत नाहीत, निघायच्या आदल्या रविवारी माझा जीव टांगणीला लागला होता. हे त्यांनी सुधारायलाच पाहिजे, त्या दिवसात पोरीबाळींच्या घरी किती टेन्शन असायचं त्यांनाही माहितीय. म्हणून पाचपैकी चार.

पण ऑक्टोबरमध्ये मैत्रिणींबरोबर ब्रसेल्सला जायचं ठरलं तेव्हा मी पहिला मेसेज त्यांनाच टाकला. आखेनमधून बसनं वीस-पंचवीस मिनिटांत नेदरलँड्स, तिथं कुणी अडवत नाही, म्हणून बेल्जियमचंही तसंच असेल असं वाटत होतं. काकांचा रिप्लाय सांगलीतून रात्री अकराला आला, 48 तासांच्या वर राहणार असलात तर बेल्जियमचा पॅसेंजर लोकेटर फॉर्म (कोरोनामुळं तेव्हा येणाऱ्यांनी आपली माहिती कळवायचा फॉर्म) भरायला लागतो, दोन दिवसांत परत येणार असाल तर नाही, आणि पासपोर्ट बरोबर ठेव, रूमवर ठेवून जाऊ नकोस. काम होऊन महिना झालेला, एक रुपया घेतला नाही त्याचा.