बटाट्यासाठी गादीवाफा की पोतं?

दिवाळीनंतरची लावण हुकली आणि आता संक्रांतीच्या सुमारास बटाटा लावायचा म्हणताय, तर बेणं आणण्याआधी जागा ठरवा. मी एकाच परड्यात दोन्ही केलं: चिरे रचून उंच केलेला मातीचा गादीवाफा आणि माती भरलेली पोती. कुफरी पुखराज या जातीचं अंड्याएवढं अख्खं बेणं. 16 कंद वाफ्यात, 12 कंद चार पोत्यांत.

पोत्याच्या सोयी खऱ्या आहेत. साखरेचं रिकामं पोतं कुणाकडंही मिळतं. रोप वाढेल तसा दुमडलेला काठ उलगडायचा आणि वरून माती घालून भर द्यायची. काढणीला पोतं आडवं केलं की झालं. वाफ्यात मात्र खुरपं बटाट्यात घुसतं आणि राहिलेले चार-दोन जूनच्या पावसात उगवून येतात. शिवाय टोमॅटो-वांग्याच्या मागं बटाटा नको, हा पेच पोत्यात माती बदलून सुटतो. फक्त उंच भरलं की थरावर थर बटाटे लागतील, ही आशा सोडा. आपल्या लवकर येणाऱ्या जाती बेण्याच्या आसपास आणि वरच्या वीतभर मातीतच कंद धरतात. भर द्यायची ती कंद उघडे पडून हिरवे होऊ नयेत म्हणून.

मला नडलं ते पाणी. संक्रांतीचा बटाटा पोसतो मार्चमध्ये आणि माती 30 अंशांकडं गेली की कंद धरणं जवळजवळ थांबतं. माझी पोती पश्चिमेच्या भिंतीला होती. दुपारी हात लावला तर चटका बसायचा. माती आक्रसून पोत्यापासून सुटायची, घातलेलं पाणी कडेनं खाली निसटायचं आणि मधला मातीचा गोळा कोरडाच राहायचा. सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होतो. एका लग्नासाठी दोन दिवस सांगलीला गेलो, तर परत येईतो झाडांनी माना टाकलेल्या. पाण्यानं ती उभी राहिली, पण काढणीला बटाट्यांना बोटं फुटलेली, अगदी आल्याच्या गड्ड्यासारखी. वाढ थांबून पुन्हा सुरू झाली की असंच होतं. आई सोलायला बसली तेव्हा अर्धा बटाटा सालीबरोबर गेला. तीन महिने जपलेलं पीक तसं जाताना बघवलं नाही.

वाफा जांभ्याच्या चिऱ्यांचा, 6 बाय 3 फूट, सव्वा फूट उंच. नदीकाठची काळी माती एकटी चिकटते, म्हणून तीत पन्हाळ्याकडची तांबडी आणि कुजलेलं शेणखत मिसळलं. शेणखत चाळूनच घाला. आपल्या उसाच्या पट्ट्यात त्यातून हुमणी, म्हणजे मुळं-कंद खाणारी अळी, येते. वर चार बोटं पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला. भर दुपारी त्याखाली हात घातला तरी माती गार लागायची, आणि एक दिवसाआड पाणी पुरलं. लग्नाच्या त्या दोन दिवसांचा वाफ्यावर काही परिणाम दिसला नाही. गुढीपाडव्याच्या आसपास बटाटे काढले. वजन केलं नाही, पण पोत्यांत बेणं कमी होतं हे धरूनही वाफ्याचे बटाटे भरीव आणि गुळगुळीत होते.

वाफ्याला चिरे, माती आणि दोन दिवसांची मेहनत लागते, हे मान्य. जागा गच्चीवरचीच असेल तर पोती घ्या, पण पूर्वेच्या बाजूला ठेवा आणि दुपारी कापडाची सावली करा. रोज घरी असणाऱ्याला तीही कदाचित पुरतील. जमिनीचा तुकडा असेल तर मात्र मी वाफाच सुचवेन. माझी पोती आता मे महिन्यात लावायच्या आल्यासाठी ठेवली आहेत.