आमच्या कौन्सिलचं लोकल प्लॅन कन्सल्टेशन: माणसं झकास, पोर्टल भंगार (५ पैकी ३)

इंग्लंडमधे राहणाऱ्यांसाठी लिहितेय. तुमच्या काउंटीत लोकल प्लॅनवर हरकती-सूचना मागवल्या असतील तर भाग घ्याच, फुकट आहे आणि पुढची निदान १५ वर्षं घरं कुठे बांधायची, कुठे नाही, हे त्यातच ठरतं. आमची कौन्सिल युनिटरी आहे, म्हणजे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट दोन्हींची कामं तीच करते, त्यामुळे सगळं एकाच ठिकाणी. जिथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट वेगळ्या आहेत तिथे घरांचा प्लॅन डिस्ट्रिक्ट करतं, काउंटीकडे खाणी नि कचऱ्याचा असतो, तर आधी बघा कुणाचं दार वाजवायचंय.

सगळ्यात भारी म्हणजे हॉलमधलं ड्रॉप-इन, म्हणजे अपॉइंटमेंट न घेता जाऊन प्रश्न विचारायचे. भिंतीभर नकाशे, आणि प्लॅनिंग ऑफिसर स्वतः उभे. आमच्या मागच्या शेतावर घरांची साइट दाखवलीय, मी तावातावाने गेले होते, तर त्यांच्यातल्या एका बाईंनी शांतपणे सांगितलं की तुमच्या खिडकीतून दिसणारा व्ह्यू गेला किंवा घराची किंमत उतरली हे मुद्दे धरलेच जात नाहीत, त्यापेक्षा पाणी तुंबणं, रस्त्यावरचा लोड, शाळेतल्या जागा यावर लिहा आणि प्लॅनमधल्या कुठल्या पॉलिसीबद्दल (म्हणजे कलमाबद्दल) बोलताय तिचा नंबर टाका. हे एवढं वेबसाइटवर पहिल्या पानावर टाकलं असतं तर अर्ध्या लोकांची मेहनत वाचली असती ना! जीपीचं (फॅमिली डॉक्टरचं) काय, असं जवळपास प्रत्येक जण विचारत होता, त्याचं उत्तर मात्र "ते इन्फ्रास्ट्रक्चर डिलिव्हरी प्लॅनमधे आहे", म्हणजे नव्या घरांसाठी लागणाऱ्या सोयी कशा होणार यावरची अजून एक जाडजूड पीडीएफ.

आता पोर्टल, म्हणजे ऑनलाइन कमेंट टाकायची वेबसाइट. लॉगिन करा, मग प्रत्येक पॉलिसीला वेगळा बॉक्स, मोबाइलवर मॅप उघडतच नाही, आणि थोडा वेळ विचार करत बसलात की सेशन संपतं नि लिहिलेलं सगळं गायब. वर्डमधे लिहून पेस्ट करा, सरळ. ईमेल आणि कागदी फॉर्मही घेतात, प्लॅनची छापील प्रत लायब्ररीत ठेवलेली असते, मला तर तीच वाचायला सोपी गेली. आणि हो, तुमचं नाव कमेंटसोबत सगळ्यांना दिसतं, निनावी चालत नाही, शेजाऱ्यांबद्दल जपून लिहा 😄

खरी गोम स्टेजमधे आहे. रेग्युलेशन १८ ला, म्हणजे प्लॅन अजून तयार होत असतानाच्या फेरीत, मोकळेपणी लिहिता येतं, ही साइट नको, ती घ्या, काहीही, आणि प्लॅन तेव्हाच खरा बदलू शकतो. पण तेव्हा कुणी फिरकत नाही. लोक जागे होतात रेग्युलेशन १९ ला, म्हणजे प्लॅन तपासणीला पाठवण्याआधीच्या फेरीत, तिथे किमान ६ आठवडे मिळतात आणि फॉर्म विचारतो, प्लॅन "साउंड" आहे का? म्हणजे चार कसोट्या: गरज भागवण्याच्या दृष्टीने नीट आखलाय का, पुराव्याला धरून आहे का, अमलात येईल का, राष्ट्रीय धोरणाशी जुळतो का. साध्या माणसाने यातला कुठला चौकोन टिक करायचा? बिल्डरच्या कन्सल्टंटला हे रोजचंच, तो पानंच्या पानं लिहितो, आणि आपण लिहितो "ट्रॅफिक खूप होतं". तरी या स्टेजला लिहायचंच, कारण बदल मागितला असेल तरच पुढे प्लॅन तपासणाऱ्या सरकारी इन्स्पेक्टरसमोर तोंडी बोलायचा हक्क मिळतो. नुसतं "विरोध आहे" नको, कुठलं वाक्य काढायचं आणि त्याजागी काय घालायचं ते लिहा. व्हॉट्सॲपवर फिरणारं तयार पत्र सगळ्यांनी सही करून पाठवलं तरी त्यातला मुद्दा शेवटी एकच राहतो.

एक स्टार पोर्टलचा कापला, एक फॉर्मच्या भाषेचा. ड्रॉप-इन संध्याकाळी ठेवलं असतं, नोकरी करणाऱ्यांना जमलं असतं, तर अर्धा परत दिला असता.