सीएंची फर्म: भागीदारी की एलएलपी?

दोन सीए एकत्र काम करणार असतील, तर खरा फरक जबाबदारीत आहे. १९३२ च्या कायद्याखालच्या भागीदारीत एकाच्या चुकीची भरपाई दुसऱ्याच्या घरादारावरही येऊ शकते. एलएलपीत, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारीत (लिमिटेड लायबिलिटी पार्टनरशिप), ज्याची चूक त्यालाच आणि एलएलपीला भोवते. निव्वळ भागीदार आहे म्हणून दुसऱ्याची खासगी मालमत्ता जात नाही. एवढ्यासाठीच एलएलपी घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत.

बदल्यात कागदपत्रं वाढतात: नोंदणीनंतर ३० दिवसांत करारनाम्याचा फॉर्म ३, मग दरवर्षी ३० मेपर्यंत फॉर्म ११ (वार्षिक विवरणपत्र) आणि ३० ऑक्टोबरपर्यंत फॉर्म ८ (हिशेबाचं विवरणपत्र). उशीर झाला की जादा शुल्क. भागीदारीत यातलं काही नाही.

नाव मात्र दोन्हीकडे अडतं. सीएंची नियामक संस्था असलेल्या आयसीएआयची नावाला मंजुरी आधी घ्या. ती जोडली नसेल, तर एलएलपीच्या नावाचा अर्ज परत येऊ शकतो.